माझ्यात काय होतं?

मी एक पिंप बोलतोय. थांबा, जवळ येण्याआधी एक सांगा, तुम्हाला इथं पाठवलं कुणी? राग मानू नका हो. माणूस माझ्याजवळ आला की आधी वाकून आत डोकावतो, मग नाक पुढं करतो, मग बोटाच्या पेरानं वाजवून बघतो. आणि शेवटी मला सोडून शेजारी उभा असेल त्याला विचारतो, "यात काय व्हतं?" इतकी वर्षं माझ्यावर संशय घेतला गेला, की मलाही आता तीच खोड लागलीय. कुणी गोड बोललं की मी आधी त्याच्या हाताकडं बघतो.

मी न्हावऱ्यात राहतो, भैरूआबांच्या घरामागं, बाभळीखाली. माझ्या पोटात आडव्या सळ्या आहेत, पायाशी एक छोटं दार आहे आणि झाकणावर धूर जायला पाइपाचा तुकडा बसवलाय. सकाळी दारातून निखारे सारायचे, वर सळीला मटण टांगायचं, झाकण लावायचं आणि आपापल्या कामाला जायचं. संध्याकाळी झाकण उघडलं की हाडापासून मांस आपोआप सुटतं. मल्हार मला स्मोकर म्हणतो. गिताबाई "ते बाहेरचं" एवढंच म्हणतात.

पण हे मानाचं पद मला सुखासुखी मिळालेलं नाही. त्याची हकिगत सांगतो, आणि त्यात माझं काही चुकलं असेल तर तेही सांगतो.

जन्माला आलो तेव्हा मी सपाट पत्रा होतो. मला गोल वाकवलं, शिवण मारली, तळ बसवला आणि पोटभर खायचं तेल ओतलं. तेल खायचं होतं, हे कृपा करून लक्षात ठेवा, कारण पुढं ते कुणीच ऐकून घेणार नव्हतं. मला कोरेगाव भीमाजवळच्या एका फरसाणाच्या कारखान्यात नेलं. तिथला आचारी माझ्यातून तेल काढताना दर वेळी बोट बुडवून चाटायचा. पहिल्या दिवशी मला अपमान वाटला. मला वाटलं, हा माझी चोरी पकडायला बसलाय की काय! नंतर कळलं, चाटून बघितल्याशिवाय कढईत काही टाकायचं नाही, हा त्याचा नेमच होता. बरा माणूस होता. त्याच्यासारखी माणसं पुढं फार भेटली नाहीत.

तेल संपलं आणि मी कारखान्यामागं उन्हात पडलो. तळाला राहिलेलं थोडं तेल तापून तापून खवट झालं आणि तो वास माझ्या अंगात मुरला. तिथून मला भिमाजीनं उचललं.

भिमाजी भंगारवाला. हायवेलगत त्याचं आवार. आसपासच्या कारखान्यांतली रिकामी पिंपं त्याच्याकडं यायची. आलेल्या पिंपाच्या अंगावरचा कागद तो आधी तारेच्या ब्रशनं खरवडायचा. मग वर निळा रंग फासायचा. अंगावर लिहिलेलं असतं आत काय होतं ते, तेच हा पुसून टाकायचा! मला पहिल्या दिवसापासून तो माणूस पसंत नव्हता. वरचं झाकण छिन्नीनं कापून ठेवायचा, आणि गिऱ्हाईक आलं की छातीवर हात ठेवून सांगायचा, "खायचं तेल व्हतं, दादा. देवाशपथ."

माझ्या बाबतीत ते खरं होतं. पण माझ्या शेजारी एक पिंप आणून ठेवलं होतं, त्याच्याबद्दलही तो तेच सांगायचा. त्या पिंपाला मी मनातल्या मनात गोड्या म्हणायचो. त्याच्या तळाशी तांब्याभर काहीतरी शिल्लक होतं, पाण्यासारखं स्वच्छ, रंग नाही, वास नाही. भिमाजीनं त्याचं झाकण कापलं तेव्हा त्यातलं थोडं बाहेर सांडलं आणि आवारातल्या कुत्र्यानं ते चाटलं. चवीला गोड असावं, कारण कुत्रं जमीनसुद्धा चाटत बसलं होतं. संध्याकाळी ते दारू प्याल्यासारखं झोकांड्या खायला लागलं. तिसऱ्या दिवशी मेलं.

"पान लागलं असंल," भिमाजी म्हणाला, म्हणजे साप चावला असेल. त्यानं कुत्रं ओढून नेलं आणि लगेच गोड्याला निळा रंग दिला. मी सगळं बघत होतो. पण पिंपाला कोण विचारतो?

दोन हजार तीन साल असेल. एके दिवशी मल्हार आणि त्याची बायको धनश्री त्या आवारात आली. मल्हार रांजणगावच्या एका कंपनीत फिटर. त्याचे वडील म्हणजे भैरूआबा. चाळीस वर्षं त्यांनी मेंढरं राखली, आणि चरायची रानं आटली तशी कळप विकून ते शेतीला लागले. मल्हारची आई गिताबाई माळकरी. त्यांच्या गळ्यात माळ, त्यामुळं घरच्या चुलीवर मटण चढायचं नाही. मटण करायचं तर बाहेर बाभळीखाली, तीन दगडांवर. त्याची भांडी वेगळी, पळी वेगळी. आणि तिथं बसायचं कुणी? धनश्रीनं. तीन-तीन तास धुरात बसून फुंकायचं, मग राखेनं भांडी घासायची, मग डोक्यावरून पाणी घेऊन घरात जायचं. आता तर तिच्या कडेवर वर्षाची प्रगती होती. येत्या रविवारी प्रगतीचं जावळ होतं. पोरीचे पहिले केस मामाच्या मांडीवर उतरवायचे, बिरोबाच्या नावानं बकरं करायचं आणि मामाला मटणाचा मान द्यायचा. कवठे येमाईहून धनश्रीचा भाऊ पप्पू आणि सगळं माहेर येणार होतं.

"मला असं कायतरी बघा," धनश्री नवऱ्याला म्हणत होती, "की ज्याच्यापाशी बसाया नको, फुकाया नको आन् घासाया नको. माझा भाऊ आल्याव मी धुरात बसू का त्याच्याशी बोलू?"

"म्हणून तर स्मोकर म्हणतोय," मल्हार म्हणाला. त्यानं साहेबाच्या फार्महाउसवर तसला एक बघितला होता. "पुण्याच्या दुकानात चाकांचा मिळतोय की. वर काटा बी हाय, आत किती गरम झालंय त्ये दावतो."

"बघितला न्हवं आपण परवा. पत्रा पापडावानी. आन् स्क्रू किती! एक पडला तर पुण्याला पळायचं का? विटांचा बी नको, दर उन्हाळ्याला भेगा लिंपीत बसावं लागंल, आन् आत इंचू घर करत्यात."

"मग जस्ताची टाकी?"

आणि मल्हारनं स्वतःच मान हलवली. "न्हाई, जस्ताला जाळ लागला की वाईट धूर सुटतो. कंपनीत वेल्डरला ताप येतो त्यानं. साधं लोखंडी बॅरलच बरं. जाड पत्रा, एक दार. राख वढायची, तेलाचा बोळा फिरवायचा, झालं."

धनश्रीनं माझ्यावर बोट वाजवलं आणि भिमाजीला तो प्रश्न विचारला. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "खायचं तेल, ताई. दोन्हीत." गोड्याच्या तळाशी काय आहे विचारलं, तर म्हणाला, "पावसाचं पाणी. दोन्ही घिऊन जावा, नको त्ये माघारी आणा." मल्हारला ते पटलं. धनश्रीनं मात्र भिमाजीच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघितलं. त्या क्षणी मला ती पोरगी आवडली.

टेंपोतून आम्ही दोघं न्हावऱ्याला आलो. गिताबाईंनी दारातच अडवलं. "कुठल्या कारखान्यातली घाण आणली रं? तुळशीपसनं लांब ठेव." मला उगीच लागलं. मी काय घाण होतो? पण शेजारी गोड्या होता, म्हणून मी गप्प बसलो. म्हणजे मी नेहमी गप्पच असतो, पण त्या दिवशी मनातूनसुद्धा गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, भैरूआबा पुढं झाले. उंच म्हातारा, अंगावर घोंगडी, हातात काठी. त्यांच्यामागं एक म्हातारी मेंढी, भुरी. कळप विकताना ही एकच त्यांनी मागं ठेवली होती. घरात नातीला नाही एवढा लाड तिचा.

"कुठलं बॅरल चांगलं त्ये भुरी सांगंल," आबा म्हणाले. "आमी कोकणात उतरायचो तवा अनोळखी पाण्यावर आदी म्हातारी मेंढी सोडायचो. ती प्याली की कळप, आन् मग माणसं. चाळीस वर्सं तिच्या नाकावर जगलोय. एक जनावर दगावलं न्हाई."

त्यांनी आम्हा दोघांना आडवं केलं, तोंडाशी वीट लावली आणि दोघांत अर्धी-अर्धी बादली पाणी ओतलं. अहो, माझा पत्रा थरथरला! कुत्र्यानं काय चाटलं होतं ते मला माहीत होतं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, भुरे, माझ्याकडं ये, इकडं ये. भुरी माझ्याकडंच आधी आली. तिनं हुंगलं, खवट तेलाच्या वासानं फुरफुरली आणि दोन पावलं मागं सरली. मग गोड्याकडं गेली. जीभ लावली. आणि पीतच राहिली. आबांनी काठीनं मागं ओढलं तरी मान आत घालत होती.

"बघा!" आबांचा चेहरा उजळला. "हे चांगलं. आन् त्ये नासकं. त्यात कोंबड्यांचा भुसा ठेवा."

मी नासका! खाल्ल्या तेलाला जागलेला मी नासका, आणि तो भामटा चांगला!

तेवढ्यात धनश्री पुढं आली. प्रगतीला कडेवर सावरत तिनं आधी माझ्यात डोकं घातलं, मग गोड्यात. मग पदर ठीक करून हळूच म्हणाली, "आबा, ह्याचा वास माझ्या वळखीचा हाय. खवाट तेलाचा. पण त्याला तर कायबी वास न्हाई. तेल असतं तर वास असता की. मग त्यात व्हतं तरी काय?"

काय विचारलं पोरीनं! मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

आबांची मान ताठ झाली. "माझ्या मेंढरापरीस तुजं नाक मोठं झालं व्हय ग?"

"तसं न्हाई आबा..."

"मेंढराला काय कळतंय कारखान्यातलं?" दारातून गिताबाई म्हणाल्या.

"तू माळंची बाई, तू ह्यात पडू नगंस!" आबा गरजले. मल्हारनं बायकोकडं बघून डोळ्यानं खूण केली, राहू दे म्हणून. धनश्री प्रगतीला घेऊन मागं सरली. झालं. बापाचा शब्द राहिला, आणि गोड्याच्या पोटात सळ्या गेल्या. माझ्यात भुसा भरला.

त्याच संध्याकाळी भुरी झोकांड्या खायला लागली. "ऊन लागलं," आबा म्हणाले आणि तिच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवून बसले. गुरुवारी तिनं पाला तोंडाला लावला नाही. शुक्रवारी उठेचना. आबा तिच्या पोटाखाली हात घालून बघत होते. दीड दिवस तिनं लघवी केली नव्हती. मल्हारनं गुरांचा डॉक्टर आणला. डॉक्टरनं तपासलं, मान हलवली आणि विचारलं, "किडन्या गेल्यात. काही विषारी खाल्लं का? प्यायली का काही?"

मी ऐकत होतो. भैरूआबांनी गोड्याकडं बघितलं. एकदाच. मला शपथेवर सांगायला लावा, त्यांनी बघितलं आणि त्यांना कळलं.

पण तेवढ्यात मल्हार बोलून गेला, "परवा शेजारच्या हौसरावांच्या कांद्यात शिरली व्हती. फवारलं असंल त्यांनी."

"मग तेच," डॉक्टर म्हणाला. आबा गप्प राहिले.

मला त्यांचा असा राग आला म्हणता! एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की चाळीस वर्षांचं शहाणपण सुनेपुढं, भावकीपुढं खोटं ठरणार होतं. कळप गेला, रानं गेली, म्हाताऱ्याकडं तेवढंच शिल्लक होतं. आणि न बोलावं तर रविवारी त्याच गोड्यात टांगलेलं मटण पप्पू खाणार, पाहुणे खाणार, धनश्री खाणार. तिचं दूध प्रगतीच्या पोटात जाणार. आबा काय करतील याचा मला भरवसा नव्हता. खरं सांगतो, अजिबात नव्हता.

शनिवारी दुपारी भुरी गेली. आबांनी तिला स्वतः खड्डा खणून पुरलं. कुणाला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी हौसराव आले. शेजारचे मोठे बागायतदार, सोसायटीत वजन असलेले, पण आबांचे जुने दोस्त. आबांचा कळप होता तेव्हा दर वर्षी खतासाठी हौसरावांच्याच रानात मेंढरं बसायची. ते म्हणाले, "मल्हार, गावात बोललास म्हणं तू. मी म्हैना झाला फवारा मारलेला न्हाई. डब्याचं झाकण उघडलेलं न्हाई."

"मग मेंढी आपसूक मेली व्हय?" मल्हार अंगावर आला. "कबूल करायला तोंड न्हाई व्हय तुमास्नी?"

आबा ओट्यावर बसले होते. खाली बघून काठीनं माती उकरत राहिले.

रविवार उजाडला. मांडव पडला, पाहुणे आले. रश्शाचं मोठं पातेलं आचाऱ्यानं तीन दगडांवर चढवलं. मामाच्या मानाची अख्खी रान, म्हणजे बकऱ्याची मागची तंगडी, तेवढी स्मोकरसाठी बाजूला काढली होती. हौसरावही आले होते, बोलावणं आधीच गेलेलं म्हणून. त्यांना कुणी पाण्याचा तांब्या दिला नाही. ते एकटे मांडवाच्या कडेला बसले. आबांनी ते बघितलं. मी आबांना बघत होतो. माझी सगळी नजर त्या म्हाताऱ्यावर होती.

प्रगती पप्पूच्या मांडीवर रडत होती, न्हावी वस्तरा ओला करत होता. मल्हारनं रान शेजारी परातीत ठेवली, गोड्यात लाकडं रचली आणि काडी ओढली.

"इझव त्ये."

आबा उभे होते. हातात कुऱ्हाड. न्हाव्याचा वस्तरा हातातच राहिला. पोरगी तेवढी रडत होती.

"हौसरावानं फवारलं न्हाई," आबा म्हणाले. "भुरी ह्या बॅरलातलं पाणी पिऊन मेली. मी पाजलं. शुक्रवारपसनं मला म्हाईत हाय आन् मी गप बसलो. हौसराव, तुमच्या रानाचं नाव घालवलं मी. माजं चुकलं."

मल्हार गोरामोरा झाला. "आबा, पण जाळ दिला की समदं जळून जातंय..."

"जातं का न्हाई, तुला म्हाईत हाय? मला न्हाई. मला समदं म्हाईत हाय असं मला वाटलं व्हतं, तिथंच भुरी गेली."

त्यांनी परातीतली रान आचाऱ्याच्या हातात दिली, रश्शात टाकायला. मग गोड्यावर कुऱ्हाड घातली. एक, दोन, पाच, सात. पुन्हा कुणी त्यात धान्य ठेवू नये, पाणी भरू नये, अशी त्याची चाळण करून टाकली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. म्हातारा प्रत्येक घावाला रडत होता.

मग ते माझ्याकडं आले. भुसा ओतून टाकला, मला आडवं केलं आणि हाक मारली, "धनश्री, इकडं ये. तू हुंग."

सगळ्या भावकीसमोर. सून पुढं आली, माझ्यात डोकं घातलं आणि म्हणाली, "तेलच हाय आबा. खवाट झालंय, पण खायचंच."

"तुजं नाक खरं," आबा म्हणाले. "पण आता मी कुणाच्याच नाकावर जाणार न्हाई." त्यांनी माझ्यात बादलीभर पाणी ओतलं, काठीनं ढवळलं, आणि वाकून त्यातलं तांब्याभर काढलं. कुणाला काही कळायच्या आत गटागटा पिऊन टाकलं.

"अवो!" गिताबाई किंचाळल्या. "येड लागलं का तुमास्नी?"

"मेंढी तीन दिसांनी गेली," आबा तोंड पुसत म्हणाले. "तीन दिस थांबा. पप्पू, तुजा मान चवथ्या दिशी. तवर ह्यात कुणी काय शिजवायचं न्हाई."

हौसराव उठले, जवळ आले आणि आबांच्या हातातला तांब्या काढून घेतला. आबांना धरून ओट्यावर नेऊन बसवलं आणि स्वतः शेजारी बसले.

आता माझी कबुली ऐका. जन्मभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला. त्या तीन दिवसांत पहिल्यांदा मला माझाच संशय आला. माझ्यात खरंच फक्त तेल होतं ना? भिमाजीकडं कुणी रात्री-बेरात्री माझ्यात काही ओतलं नसेल ना? त्याचा तो निळा रंग झिरपला असेल का? मला माहीत आहे असं मला वाटत होतं. पण तसं तर आबांनाही वाटत होतं.

त्या घरात तीन दिवस एकच चौकशी चालू होती. भुरीची लघवी बंद झाली होती, ते सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. आबा उठून बाभळीमागं गेले की सारं घर कामं टाकून थांबायचं. परत आले की गिताबाई ओट्यावरून विचारायच्या, "झाली का?"

"झाली ग बाई, झाली!" आबा ओरडायचे. "आता गावात दवंडी देतीस का?"

सोमवारी झाली. मंगळवारी झाली. मंगळवारी दुपारी आबा जरा आडवे झाले, तर मल्हारनं तीन वेळा जाऊन त्यांच्या नाकापुढं हात धरला. तिसऱ्या वेळी आबांनी डोळे न उघडताच त्याला चापट मारली. बुधवारी सकाळी ते काठी न घेता बाभळीमागं गेले, आले आणि म्हणाले, "च्या टाक. आन् पप्पूला फोन कर."

मी रडलो असतो, पण पिंपाला तसली सोय नसते.

सळ्या माझ्यात आल्या. मल्हारनं आधी बाभळीचा मोठा जाळ करून मला आतून चांगलं भाजलं, निळा रंग गळून पडला, खवट वास गेला. मग आतून तेलाचा बोळा फिरवला. पप्पू आला, हौसराव आले. पेरूच्या फांद्यांचा धूर करून दिवसभर नवी रान टांगली. धनश्री एकदाही माझ्यापाशी बसली नाही. भावाशेजारी बसून माहेरच्या गप्पा मारत होती, मध्येच एकदा येऊन निखारे सारले तेवढंच. संध्याकाळी पहिला तुकडा आबांनी तोडला, खाल्ला, थोडं थांबले आणि मग म्हणाले, "घ्या आता."

तेव्हापासून तोच रिवाज पडला. पहिला तुकडा आबांचा. मला कधी काही लागलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी राख ओढायची, बोळा फिरवायचा, पावसाळ्यात वर पत्रा टाकायचा. गिताबाईंनी कधी मला हात लावला नाही, पण पावसाचा पहिला थेंब पडला की आतून त्यांचाच आवाज यायचा, "ते बाहेरचं झाका ग!"

दोन वर्षांमागं आबा गेले, वयानं, झोपेत. आता पहिला तुकडा धनश्री खाते. सात वर्षांची प्रगती शेजारी उभी राहून विचारते, "झालं का थांबून?"

माझा तळ आता गंजलाय. निखारे खाली गळतात. मल्हार नवीन बॅरल बघतोय, आणि ते बरोबर आहे. परवा मोटारसायकलवर एक भंगारवाला आला. माझ्याभोवती फिरला, बोट वाजवलं आणि विचारलं, "यात काय व्हतं?" एरवी मी चिडलो असतो. पण हा निदान विचारतो तरी आहे, असं वाटलं.

धनश्री आत गेली, पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आली. भिमाजीनं खरवडलं होतं तिथंच तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, "खायचं तेल. नंतर मटणाचा धूर. दुसरं काही नाही." थोडं थांबली. पदरानं डोळे पुसले आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, "आबांनी पिऊन बघितलंय."

तो माणूस उद्या मला न्यायला येणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या दारात मी आलो, तर खुशाल वाकून बघा, हुंगा, वाजवा, संशय घ्या. मला आता त्याचं वाईट वाटत नाही. मला कापा, रंगवा, माझ्यात भुसा भरा.

फक्त ती शेवटची ओळ खरवडू नका.